धरलेली जागा

"जागा संपलीय आजी, आजोबांना आज पुसावं लागेल," स्मृतिकेंद्रातला कारकून म्हणाला.

हौसाबाई पडद्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या वारलेल्या नवऱ्याच्या आठवणी तिथे एका इवल्याशा पिवळ्या ठिपक्यात साठवलेल्या होत्या. रोज येऊन त्या त्याच्याशी बोलत. ठिपक्याला खेटून भलामोठा निळा पट्टा पसरला होता.

"हा कोण एवढा ऐसपैस बसलाय?"

"आमदारसाहेबांचा नातू. त्याच्या आयुष्यभराच्या आठवणींसाठी आधीच जागा धरलीय."

"केवढा आहे?"

"अजून जन्मायचाय."

"मग आत आहे काय?"

"शून्यं," कारकून चाचरला. "दुसऱ्या कुणी जागा घेऊ नये म्हणून शून्यांनी भरून ठेवतात."

हौसाबाईंनी टेबलावर हात आपटला. "अरे, आमचे हे एसटीत कंडक्टर होते! खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे त्यांनी जन्मभर पाहिले. पण बसलेल्या माणसाला उठवून तिथे रुमाल टाकणारे तुम्हीच पहिले!"

कारकुनाने मान खाली घातली आणि बटण दाबलं. ठिपका विझला. निळा पट्टा तेवढाच पुढे सरकला.