ट्रॉलीतली जागा

"म्हैस?" मोनानं मोबाइलच्या पडद्यातून विचारलं.

"म्हैस," संयोगिता म्हणाली.

मोना मुंबईची एजंट. आवडलेली कादंबरी प्रकाशकाच्या गळी उतरवणं हे तिचं काम. तिनं दहा मिनिटं दिली होती, त्यातली चार उचगावच्या नेटवर्कनं खाल्ली. संयोगितानं या कादंबरीत सहा वर्षं घातली होती, आणि आज ती सांगायला सासू भजनाला जायची वाट बघितली होती. कारण उघड होतं. कादंबरीत शिरोळकडच्या एका गावात पूर येतो. ट्रॅक्टरच्या शेवटच्या ट्रॉलीत सुनेशिवाय आणखी एकाचीच जागा उरते. सून सासूला माळ्यावर ठेवते आणि म्हशीला ट्रॉलीत चढवते. सासू मरते.

पुरात संयोगितानं खरंच तसं केलं होतं, पण खरी सासू मेली नव्हती. तिला दुसऱ्या दिवशी बोटीनं आणलं. त्यानंतर घरात त्या विषयावर कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"लिहिलंय छान," मोना म्हणाली. "पण सून असं का करेल?"

"सकाळी भाकरीवरनं भांडण झालेलं असतंय. त्या रागात करती."

"वाचकांना हे झेपणार नाही. पटणारही नाही. म्हशीसाठी सासू? त्यापेक्षा सासूला पाणीच वाहून नेऊ दे. म्हैस काढून टाका, मी उद्याच प्रकाशकाशी बोलते."

संयोगिताला लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. "काढतो म्हैस," ती म्हणाली.

"काढू नगंस."

दारात सासूबाई, आक्का, उभ्या होत्या. टाळ विसरले म्हणून परत आल्या होत्या. कधीपासून उभ्या आहात, हे विचारायची त्यांच्या सुनेची छाती झाली नाही. नेटवर्क मात्र नेमकं तेव्हाच झकास होतं.

आक्कांनी मोबाइल स्वतःकडं वळवला. "ओ बाई, ती सासू म्हंजे मी."

मोना गडबडली. "पण... पुस्तकात तुम्ही वारता."

"वारू दे की. गोष्टच हाय ती."

मग त्या संयोगिताकडं वळल्या.

"तुला राग आलता, ते मला माळ्यावरनंबी दिसत हुतं. पण म्हैस गाभण हुती. एका माणसाच्या जाग्यावर दोन जीव चढवलंस तू. त्ये लिवलंयस का न्हाय?"