पंधरावी शिट्टी

पंधरावी शिट्टी झाली तशी कावेरीबाईंनी गॅस बंद केला. वाफ जिरल्यावर कुकर उघडून त्यांनी सोयाबीनच्या उसळीत तपासणीची पट्टी बुडवली. पट्टी पुन्हा लालच.

"घ्या, बघा!" बियाणं संशोधक डॉक्टर घुग्यांवर त्या खेकसल्या. "पूर्वी पाच शिट्ट्यांत काम व्हायचं. परवा तुमचं हे नवं सोयाबीन त्याच हिशेबानं शिजवून वाढलं, तर वसतिगृहातल्या साठ पोरी पोट धरून बसल्या. आता दाण्यांचा लगदा झाला, तरी विष जाईना!"

"विष नाही हो. प्रथिनं पचू न देणारं द्रव्य आहे ते. उष्णतेनं मोडतं."

"मग मोडत का नाही?"

घुग्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. उन्हाळे पन्नास अंशांवर गेले, पिकं करपू लागली, तेव्हा दहा वर्षं खपून त्यांनीच हा वाण काढला होता. कोपऱ्यातल्या पोत्यावर त्यांनीच सुचवलेली ओळ छापली होती: 'उष्णतेला दाद न देणारा!'

"अजून पाच शिट्ट्या देऊन बघू?" ते पुटपुटले.

कावेरीबाईंनी झाकण ओट्यावर आपटलं. "साहेब, उन्हाला भ्यायचं नाही हे त्याला तुम्हीच शिकवलंत. आता ते माझ्या कुकरला कशाला भिईल?"