फ्रीझरमधले सण

“मोदक आधी वितळू द्यायचे नाहीत. फ्रीझरमधून काढले की थेट मोदकपात्रात. बाहेर ठेवलेत तर पारी फाटते. अहो, ऐकताय ना?”

मोहन गॅरेजच्या दारात उभे होते. नव्या, पेटीएवढ्या फ्रीझरमध्ये सुप्रभा कमरेपर्यंत वाकली होती. आइस्क्रीमच्या जुन्या डब्यांवर तिने पट्ट्या चिकटवल्या होत्या. गणपती, दिवाळी, संक्रांत, होळी. वर्षाचे सगळे सण जुलैतच लंडनच्या पिनर उपनगरात येऊन गोठले होते.

“पुरणपोळ्यांच्या मधे बटर पेपर घातलाय. आदल्या दिवशी फ्रिजमध्ये काढून ठेवा, मग तवा आणि तूप. मायक्रोवेव्ह नको, वातड होतात. आणि श्रीखंडाला घाई करायची नाही. पाणी सुटतं.”

“हे मला कशाला सांगतेस? तू आहेस की.”

सुप्रभाने झाकण लावलं. “माहीत असलेलं बरं.”

मोहनना शिळं कधी चाललं नव्हतं. सकाळची पोळी संध्याकाळी पानात आली, तर ते काही बोलत नसत. ताट फक्त जरासं पुढे सरकवत. एवढं पुरायचं. ते पोटाचे डॉक्टर. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येईतो यांचं निदान झालेलं असायचं, अशी हॉस्पिटलात ख्याती. रिटायर झाले, पेशंट संपले, आणि ती नजर बऱ्याच वर्षांनी बायकोवर येऊन थांबली.

जे दिसलं, ते मोहन मनात टिपत गेले.

सुप्रभा वाळली होती. ब्लाउज खांद्यावरून उतरत होते. एवढं गोड करायची, पण स्वतः बोटभर चाखायची नाही. पुरणात साखर पुरेशी आहे का, हे सांगायलाही त्यांनाच हाक. ‘अपॉइंटमेंट आहे’ म्हणून मधेच बाहेर पडायची आणि परत आली की दारात गाडी लावून तशीच आत बसून राहायची. गाडी ती साठीनंतर शिकली होती. “पिनरमध्ये तुला जायचंय कुठे?” म्हणून मोहननी तेव्हा चारचौघांत तिची फिरकी घेतली होती. सगळे हसले होते. सुप्रभाही हसली होती.

परवा तर तिने पैठण्या लेकीला देऊन टाकल्या. “आता कुठे नेसणार मी?” म्हणाली.

वजन उतरलंय, तोंडाला चव नाही, आवराआवर चाललीय. एखाद्या ज्युनिअरने एवढं सांगितलं असतं, तर मोहननी मान वर न करता उत्तर दिलं असतं. स्वादुपिंड. उशीर झालाय.

त्यांनी कार्डिफला तनयाला फोन लावला.

“आईचं काय चाललंय, तुला माहीत आहे?”

तनया इथेच जन्मलेली. अवघड काही बोलायचं झालं की तिचं मराठी आधी अडखळायचं.

“बाबा, आय कान्ट. आईने माझ्याकडून प्रॉमिस घेतली. तुम्ही तिला विचारा ना. नीट विचारा. पेशंटला विचारतो तसा नाही.”

“किती वेळ आहे आपल्याकडे?”

“ऑगस्टपर्यंत, आय थिंक.” ती रडायला लागली. “सॉरी, बाबा.”

बोलणं संपल्यावरही मोहन फोन हातात धरून बसले होते. बाहेर शेजारचा म्हातारा हिरवळ कापत होता. त्याला जाऊन ओरडावं, ‘बंद कर तुझं ते मशीन,’ असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुप्रभा घरी आली, तेव्हा स्वयंपाकघरात धूर होता. मोहन उलथनं घेऊन तव्याशी उभे. पुरणपोळीची एक बाजू काळी, दुसरी पांढरी.

“हे काय?”

“आदल्या दिवशी काढून ठेवली होती. तू म्हणालीस तशी.” त्यांनी एक घास तोंडात घातला, गिळला. “ताजी वाटते गं. काय हात आहे तुझा. मी कधी बोललो नाही.”

सुप्रभाने खुर्चीची पाठ धरली. तिचे डोळे भरून आले.

“आता म्हणताय,” ती म्हणाली.

मोहननी गॅस बंद केला, तिला खुर्चीवर बसवलं आणि समोर बसून तिचा हात दोन्ही हातांत घेतला. तो गारठलेला होता. बायकोचा हात आपण शेवटचा कधी धरला होता, हे त्यांना आठवेना.

“सुप्रभा, मला सगळं कळलंय. तुझ्यापेक्षा आधी कळायला हवं होतं, तोच माझा धंदा. कुठवर पसरलाय ते फक्त सांग. मी कुठे जाणार नाही. डबे भरू, पथ्य करू, तुला न्हाऊ घालायचं तर तेही मी करीन. पण एकटीने नको सोसूस.”

“काय पसरलाय?”

“कॅन्सर.”

सुप्रभा त्यांच्याकडे बघत राहिली. एखादं लहान मूल धडपडत, पण भलत्याच घराच्या दाराशी पोचावं आणि त्याला ते सांगायचं कसं, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं.

“अहो, मला काही झालेलं नाही. पोहायला जाते रोज, म्हणून बारीक झालेय. आणि गोड मला पहिल्यापासून आवडत नाही.”

“खरं सांग.”

“देवाशपथ. ठणठणीत आहे मी.”

मोहनना हुंदका आला. आई गेली तेव्हाही न रडलेला माणूस टेबलावर डोकं टेकून रडला. “वेडाबाई,” ते म्हणत राहिले, “केवढा घोर लावलास. ठणठणीत आहेस! मग वर्षभराचं कसलं करून ठेवतेस गं?”

सुप्रभा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पार रडणं ओसरेपर्यंत. मग तिने हात काढून घेतला.

“मेडनहेडला फ्लॅट घेतलाय मी,” ती म्हणाली. “एकटीसाठी.”