झऱ्यावरची अस्वलीण

“खोकू नकोस,” तोआदर कुजबुजला. “वारा तिकडून येतोय तोवर ठीक आहे.”

स्मारांदाने शालीचं टोक दातांत धरलं आणि कॅमेरा लपणाच्या फटीला लावला. झऱ्यापलीकडे, फरच्या झाडांखाली तोआदरने मका टाकून ठेवला होता. तो या जंगलाचा जुना रखवालदार, मांडीवर बंदूक घेऊन बसलेला. ती गावातली फोटोवाली. दरीतली अस्वलं तिला शेजाऱ्यांसारखी ठाऊक.

त्याने मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा पुढे केला. “मामालिगा खातेस? आत चीज भरलंय.”

“नंतर, काका.”

“उन्हाळाभर हेच ऐकतोय. वाऱ्याने उडून जाशील अशाने.”

पलीकडे फांदी मोडली.

आधी दोन पिल्लं आली, एकमेकांच्या अंगावर पडत. मागून आई. स्मारांदा फोटो काढत राहिली. धाकटं आईच्या पाठीवर चढायला गेलं आणि मक्यात लोळलं. तेवढ्यात आईने मान वळवली. डावा कान मुळापासून फाटलेला होता.

स्मारांदाचं बोट थांबलं. तिने ओळखलं. हीच एकदा, बोक्याएवढी असताना, आपल्या आईमागे धडपडत याच झऱ्यावर आली होती. तिचा पहिला फोटो स्मारांदानेच काढला होता.

“ओळखीची आहे का?” तोआदरने विचारलं.

“तोंड नीट दिसत नाहीये.”

धाकटं पिल्लू झरा ओलांडून थेट लपणाकडे निघालं. आई मागच्या पायांवर उभी राहिली, फुसफुसली आणि पाण्यात घुसली. तोआदरने बंदूक खांद्याला लावली.

स्मारांदाने नळीवर हात ठेवला. “थांबा, काका.”

अस्वलीण मध्येच थांबली. एवढ्या जवळ, की तिच्या ओल्या केसांचा वास लपणात आला. तिने पिल्लाला पंजाने मागे ढकललं. तोआदरचं बोट चापावरच होतं.

“आता दिसतंय ना तोंड? बघून सांग. ओळखीची आहे?”

स्मारांदाने बराच वेळ भिंगातून पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “पहिल्यांदाच बघतेय हिला.”

तोआदरने बंदूक खाली घेतली. आई पिल्लांना घेऊन झाडीत दिसेनाशी झाली.

“मग जाऊ दे,” तो काडतूस काढत म्हणाला. “भलतीलाच मारून उपयोग काय? उद्या पुन्हा बसू. त्या दिवशी तिला बघितलं ते तू एकटीनेच, पोरी. तुझ्या नवऱ्याला फाडणारी तू दाखवल्याशिवाय मी गोळी घालायची तरी कोणाला?”