फुकटची जागा

दुसरी थप्पड बसली तेव्हा अकरापैकी चार फोटो वेबसाइटवर चढले होते.

स्वानंदीने ओटा घट्ट धरला. खालचा ओठ फाटला होता, तोंडात रक्त आलं होतं. स्वयंपाकघराच्या दारातून बेडरूममधला कॉम्प्युटर सरळ दिसत होता. त्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. गुरुनाथची पाठ तिकडे होती, आणि ती तशीच राहायला हवी होती. ही वेबसाइट अर्धवट अल्बम ठेवून घेत नसे. अकराच्या अकरा गेले तर गेले, नाहीतर चार महिन्यांची मेहनत पाण्यात.

"काल काकूंकडे काय बोललीस? आता बोल ना परत!" गुरुनाथ ओरडला.

काल खालच्या मजल्यावरच्या लतिकाकाकूंकडे महाराष्ट्र मंडळाची माणसं जमली होती. गुरुनाथने आपली नेहमीची टेप लावली. लोक फोटोंच्या सॉफ्टवेअरवर सहाशे डॉलर उडवतात, आपण पस्तीसात भागवलं. लोक फोटो ठेवायला दरवर्षी पैसे भरतात, आपण जागा फुकटात मिळवली. कशी? तर जितक्यांना आमंत्रण पाठवाल तितकी जागा वाढवून मिळते. पठ्ठ्याने एका बैठकीत शेहेचाळीस पत्ते घातले. मंडळाची अख्खी कमिटी, लतिकाकाकू, ऑफिसातला बॉस, पुण्यातला मामा, वर स्वतःचासुद्धा! अमेरिकेत, क्युपर्टिनोत एवढ्या पगारावर बसलेला माणूस, पण फुकट म्हटलं की याच्या तोंडाला पाणी सुटायचं. सगळे हसले. त्या हसण्यात स्वानंदी बोलून गेली, "सॉफ्टवेअर स्वस्त आहे हो, पण चालवते मी. त्याला कुठे येतं?" सगळे आणखी हसले. झालं, एवढंच.

आणि चालवायची तीच. त्या सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्यावरचे डाग पुसायचा एक ब्रश होता. गणपतीच्या फोटोंमध्ये तिने त्या ब्रशने स्वतःच्याच गालावरचा काळानिळा वळ पुसला होता. हा मेला मागे खुर्ची टाकून बसला होता आणि सांगत होता, "हनुवटीजवळ अजून जरा." काकूंनी मात्र तो वळ प्रत्यक्ष पाहिला होता. काय गं झालं, म्हणून विचारलंही होतं. बाथरूममध्ये पडले, ती म्हणाली. पुढे आणखी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा बाथरूमच. काकूंनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? कुणाचे आईवडील भारतातून आले की एअरपोर्टवर गाडी घेऊन गुरुनाथच हजर. एवढा भला माणूस मंडळात दुसरा नव्हता.

हे अकरा फोटो तिने पुसले नव्हते. कपाटाच्या पांढऱ्या दाराला टेकून, कॅमेऱ्याला टायमर लावून तिने स्वतःचे काढले होते. गळा, दंड, पाठ, कोपऱ्यात तारीख. मेमरी कार्ड साबुदाण्याच्या डब्यात दडवलं होतं. आठवडाभर गुरुनाथ मोडेमची वायर बॅगेत घालून ऑफिसला न्यायचा, म्हणून उरला रविवार. रविवारी मंडळाचे फोटो चढवायचं काम त्यानेच तिला नेमून दिलं होतं.

"थोबाड धू आणि चहा टाक," तो म्हणाला आणि बेडरूमकडे वळला.

सहाच फोटो चढले होते. आजवर मार चुकवायला ती काय काय बोलली होती, पाया पडली होती. आज उलटं बोलायचं होतं.

"नाहीच येत तुला," ती म्हणाली. "काल सगळ्यांना कळलं ते."

तो उलट्या पावली आला. केस धरून त्याने तिचं डोकं फ्रीजच्या दारावर आपटलं. वरची चुंबकं खाली सांडली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तिने दारातून पाहून घेतलं. आठ. तो पट्टा सोडू लागला. मार मेल्या, ती मनात म्हणाली, मार, पण इथेच मार. पट्ट्याचं बकल दंडावर बसलं, मग पाठीवर. नऊ. ती खाली बसली, ओरडली नाही. तिच्या गप्प बसण्याचं त्याला नवल वाटलं असावं. त्याने तिची नजर कुठे जातेय ते पाहिलं आणि मान वळवली.

"काय चढवतेयस गं?"

तो धावला. स्वानंदीने त्याच्या पायाला मिठी मारली. त्याने तिला तसंच फरफटत नेलं. मोकळ्या पायाने लाथ घातली, बरगडीत काहीतरी कटकन वाजलं. दहा. त्याला पडद्यावर तिचा गळा दिसला, गळ्यावर त्याची बोटं. त्याने भिंतीशी ठेवलेला कॅमेऱ्याचा ट्रायपॉड उचलला.

पडद्यावर अकरा आले. तिने पाय सोडला.

ट्रायपॉड पडद्यात घुसला. मग कॉम्प्युटरच्या डब्यावर घाव, पुन्हा घाव. पत्रा चेपला, वायरी बाहेर आल्या. तो घामाघूम होऊन थांबला.

"संपले तुझे फोटो," तो धापा टाकत म्हणाला.

त्याच्या खिशातला ऑफिसचा फोन टिंग वाजला. त्याने सवयीने काढून पाहिला, आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"अल्बम पुरा झाला की मेल जाते, गुरू," स्वानंदी जमिनीवरूनच म्हणाली. "शेहेचाळीस जणांना. पत्ते तूच घातलेस."

तेवढ्यात हॉलमधला फोन खणाणला. नातवाच्या फोटोंसाठी रविवारी मेल उघडून बसणारं या बिल्डिंगमध्ये एकच माणूस होतं.

"उचलू नकोस," गुरुनाथ म्हणाला. "स्वानंदी, प्लीज. पडलीस म्हणून सांग."

ती भिंतीला धरून उठली, हॉलपर्यंत गेली, रिसीव्हर कानाला लावला.

"नाही काकू," ती फाटलेल्या ओठाने म्हणाली. "मी बाथरूममध्ये कधीच पडले नव्हते."