कडू घासाचं टोपलं

महारुद्रनं कुऱ्हाड उचलली तेव्हा मसणवाटेवरून येताना चावलेला कडुलिंबाचा पाला अजून त्याच्या जिभेवर होता. मोठ्या भावाला, बालाजीला, अग्नी देऊन तो नुकताच घरी आला होता. शेताच्या वीतभर धुऱ्यासाठी, बांधासाठी, चुलतभावानं, नागेशनं, बालाजीच्या डोक्यात पहार घातली होती. नागेश पोलिसांच्या ताब्यात होता; तो फासावर जाणार, असं गाव म्हणत होतं. पण त्याचा बाप किशनराव चार घरं सोडून जिवंत बसला होता. महारुद्रला तेवढं पुरेसं होतं.

ओसरीवरच्या माणसांनी माना खाली घातल्या. अडवायला एकही जण उठला नाही. असल्या वेळी शहाण्या माणसांना जमिनीतच काहीतरी दिसत असतं. आई सरजाबाई भिंतीला टेकून होती. कालपासून ती ना बोलली होती, ना रडली होती.

महारुद्र दाराशी पोचला आणि थबकला. उंबऱ्याबाहेर नागेशची आई उभी होती, कमलबाई. दोन्ही हातांत पिठलं-भाकरीचं टोपलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, त्या दिवशीचा कडू घास भावकीनं आणायचा असतो. आणि या घराची सगळ्यात जवळची भावकी हीच.

"कोन्या तोंडानं आलीस गं?" महारुद्रची कुऱ्हाड वर गेली. कमलबाई जागची हलली नाही. घाव पडला असता तर तिला बरंच वाटलं असतं.

"रुद्रा," सरजाबाई बोलली, "काकूच्या हातातलं टोपलं घे."

"माय, हिच्या पोरानं आपल्या..."

"घे म्हनलं ना. दोन्ही हातानं घे, जड हाय."

कुऱ्हाड भिंतीला टेकवायला महारुद्रला फार वेळ लागला. त्यानं टोपलं घेतलं. भाकरी गरम होत्या. त्याचा राग तसूभर कमी झाला नव्हता, पण आता हात गुंतले होते.

सरजाबाईनं कमलबाईला शेजारी बसवलं. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. त्या घरचा घास ती गिळते की थुंकते, यावर पुढचं सगळं ठरणार होतं.

तिनं तो घास कमलबाईच्या ओठांशी धरला.

"माझ्या घरी तू आनलास, कमल. तुझ्या घरी कोन आननार?"