मालिका बघायचा पगार

मिस आयडांना आंघोळ घालायचं, भरवायचं काम माझं. त्यांचा मुलगा रसेल राज्याच्या विधानसभेत. आम्हा सेविकांचा पगार सरकार देतं; त्यातली वाढ त्यानंच हाणून पाडली. वर टीव्हीवर म्हणाला, "म्हाताऱ्यांशेजारी बसून मालिका बघायच्या, त्याला कसली पगारवाढ?"

मिस आयडांनी टीव्ही बंद करायला लावला.

"आता काय करशील गं, लुसिंडा?"

"गोदामात नोकरी बघते, मिस आयडा. तिथं जास्त देतात."

त्या आठवड्यात त्यांची टपाली मतपत्रिका आली. त्यांनी ती तासभर बसून एकटीनंच भरली, पाकीटही स्वतःच चिकटवलं. मी फक्त टपालपेटीत टाकून आले.

निवडणुकीनंतर रसेल आला तो सोफ्यावर कोसळलाच.

"फेरमोजणीतही एका मतानं पडलो, मॉम! फक्त एका! कोण नतद्रष्ट असेल गं?"

मिस आयडांनी तोंडातला घास सावकाश गिळला.

"लुसिंडा, टीव्ही लाव बरं. आणि रसेल, तू ये, बस माझ्याशेजारी मालिका बघायला. आता तुला वेळच वेळ आहे. पगार मात्र मिळत नाही हं त्याचा."